पंखाखाली हे काय लटकलंय? महायुद्धातल्या लढाऊ विमानांवरच्या अनोळखी वस्तू ओळखताना

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाचं स्केल मॉडेल करत होतो. उत्तर आफ्रिकेतलं, वाळूच्या रंगाचं. कॉकपिटच्या खाली डाव्या अंगाला प्लॅस्टिकवर तांदळाच्या कणीएवढे दोन उंचवटे होते. साच्यातला दोष असणार, असं समजून मी पॉलिश पेपर घेतला आणि दोन्ही घासून सपाट केले. नंतर त्याच विमानाचा खरा फोटो पाहण्यात आला आणि त्यातही नेमक्या त्याच जागी ते दोन उंचवटे! साच्यातला दोष खऱ्या विमानावर कसा येईल?

मग विचारपूस सुरू झाली. एक जण म्हणाला चढायची पायरी, दुसरा म्हणाला दोर बांधायची कडी, तिसऱ्याने छातीठोकपणे अँटेना सांगितली. निघाली छत्रीची खोबण. वाळवंटात हल्ल्याची सूचना येईपर्यंत वैमानिकाला कॉकपिटमध्ये बसून राहावं लागे. डोक्यावर ऊन, आजूबाजूला तापलेला पत्रा. म्हणून बाहेरून एक मोठी छत्री अडकवायची सोय केलेली होती. उड्डाणाची वेळ आली की छत्री काढायची. खोबणी मात्र विमानावर तशाच राहायच्या.

त्या दिवसापासून मी फोटोतली वस्तू बघून आधी "हे काय आहे?" असं विचारत नाही. "इथे कुणाला कसला त्रास होत होता?" असं विचारतो. लढाऊ विमानावर बाहेर काहीही लावलं की वेग कमी होतो आणि वजन वाढतं. ज्याचा जीव वेगावर अवलंबून आहे, तो माणूस उगाच काही लावून घेत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाकडेच जातात. घरात आजोबांच्या ट्रंकेत जुना फोटो सापडला असेल, किंवा किटच्या कागदावर "भाग क्र. ४२" एवढंच लिहून पुढे काहीच सांगितलेलं नसेल, तर इथून सुरुवात करा.

सुरू करण्याआधी हे जवळ असू द्या

- फोटोची मिळेल तेवढी मोठी प्रत. कागदी फोटो असेल तर मोबाइलने टिपू नका, स्कॅनरवर किमान ६०० डीपीआयला काढा.
- त्या विमानाची मोजमापांसह रेखाचित्रं: समोरून, बाजूने, वरून आणि खालून. खालची बाजू नसलेलं रेखाचित्र निम्म्या वेळा निरुपयोगी ठरतं.
- युद्धकाळातली वैमानिकांची पुस्तिका किंवा सुट्या भागांचा कॅटलॉग. बऱ्याच विमानांचे हे कागद आता स्कॅन होऊन सहज मिळतात.
- मिलिमीटरची पट्टी, भिंग, वही.
- फोटोमागची माहिती: जागा, महिना, तुकडी. मागे काही खरडलेलं असेल तर त्याचाही स्कॅन करा. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा फोटो असेल तर क्रमांकाआधीची अक्षरं बघा. ब्रिटिश हवाई दलाच्या फोटोंत 'सीएच' म्हणजे साधारणपणे ब्रिटन, 'सीएम' म्हणजे मध्यपूर्व आणि भूमध्य समुद्र, 'सीआय' म्हणजे भारत-ब्रह्मदेश. दोन अक्षरांत अर्धं काम होतं.

१. फोटो सुलटा आहे ना, ते बघा

हसू नका. छापताना उलटे झालेले फोटो पुस्तकांतही सर्रास असतात, आणि मग डावीकडची वस्तू उजवीकडे शोधत आपण बसतो. विमानावरची अक्षरं दिसत असतील तर प्रश्नच नाही. दिसत नसतील तर विमानाच्या एकांगी खुणा बघा. मेसरश्मिट १०९ च्या इंजिनात हवा घेणारं तोंड डाव्या बाजूला असतं. सुरुवातीच्या ब्रिटिश स्पिटफायरना (मार्क १, २ आणि ५; मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) उजव्या पंखाखाली पेटीसारखा मोठा रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली तेल थंड करणारं छोटं नळकांडं असतं. वेग मोजायची पिटो नळीही डाव्याच पंखाखाली.

डावं-उजवं नेहमी कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकाचं. फोटो बघणाऱ्याचं नाही.

२. आधी विमान, मग वस्तू

"स्पिटफायरवर हे काय आहे?" हा अर्धवट प्रश्न आहे. कुठला मार्क? मार्क ९ ला दोन्ही पंखांखाली सारखेच मोठे रेडिएटर आले. मार्क ५ ची सवय असलेल्याला त्यातला डावा 'जादा' वाटतो. प्रत्यक्षात इंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) लागला, उष्णता वाढली, म्हणून थंड करायची यंत्रणाही वाढली.

मेसरश्मिट १०९ च्या जी-६ या आवृत्तीच्या नाकावर, विंडस्क्रीनच्या पुढे, दोन्हीकडे गालगुंड झाल्यासारखे फुगवटे आहेत. आत १३ मिलिमीटरच्या मशीनगन बसवल्या आणि त्यांचा मागचा भाग झाकणात मावेना, एवढंच त्याचं कारण. ब्रिटिश हॉकर टायफूनच्या शेपटीच्या जरा पुढे धडाभोवती छोट्या पट्ट्यांची रांग दिसते. तिथून शेपूट तुटून विमानं पडत होती, म्हणून तो जोड बळकट करायला मारलेली ही ठिगळं. अशा ठिगळांवरून विमान साधारण कधीचं आहे तेही कळतं.

३. वस्तूचं वर्णन लिहून काढा, नाव न देता

ही पायरी सगळे टाळतात. मीही टाळायचो. वहीत एवढंच लिहा: जागा कुठली, एकच आहे की दोन्हीकडे जोडीने, पत्र्यात घट्ट बसवलीय की बिजागरीवर आहे, पुढच्या टोकाला भोक आहे का, वायर कुठे जाते. "अँटेना" हा शब्द लिहिलात की डोळे फक्त अँटेनाच बघतात. "हातभर लांबीची दांडी, उजव्या पंखाखाली, डावीकडे नाही" असं लिहा.

पुढे तोंड असलेलं भोक सहसा चार कामांचं असतं: हवा आत घ्यायला, गोळी बाहेर जायला, कॅमेऱ्याला बघायला किंवा दिव्याला. पंखाच्या मुळाशी छोटी गोल काच असेल तर बहुधा गनकॅमेरा, म्हणजे गोळीबाराचं चित्रण करणारा कॅमेरा. पंखाच्या पुढच्या कडेला गडद चौकोनी ठिपके दिसले तर ते भोक बुजवणारे कापडी तुकडे. बंदुकीच्या तोंडावर लाल कापड चिकटवायचे, म्हणजे धूळ आणि ओल आत जाऊन उंचावर गोठत नसे. पहिली गोळी कापड फाडूनच बाहेर पडायची. त्यामुळे कापड शाबूत असलेलं विमान गोळीबार न करता परतलंय, हे खालच्या मेकॅनिकना लांबूनच कळे.

आणि प्रत्येक वस्तू चिकटवलेलीच असते असं नाही. अमेरिकन पी-३८ लाइटनिंगच्या इंजिनांच्या आतल्या बाजूला एक चकचकीत लंबगोल दिसतो. पुष्कळांना तो रंग उडाल्याचा डाग वाटतो. तो घासून केलेला आरसा आहे. नाकाखालचं चाक उतरलं की नाही हे वैमानिकाला बसल्या जागेवरून दिसत नसे, ते यात दिसायचं. जर्मन फोके-वुल्फ १९० च्या पंखावर उभी राहणारी छोटी खुंटीही अशाच कामाची: चाक उतरलं की वर, चाक आत गेलं की खाली. विजेवर चालणारा दिवा फसवू शकतो, खुंटी फसवत नाही.

४. मोजा

फोटोत माहीत असलेलं एक माप शोधा. चाक सगळ्यात सोयीचं. समजा १०९ जी-६ चा फोटो आहे आणि पंखाखाली एक जाड नळी लटकलीय. या विमानाच्या पुढच्या चाकाचा व्यास ६६० मिलिमीटर. तुमच्या प्रतीत चाक ३३ मिलिमीटर भरलं, तर फोटोतला १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले २०. नळीचं तोंड ११ मिलिमीटर भरलं तर ते झालं २२ सेंटिमीटर. आता विचार करा: २० मिलिमीटरच्या तोफेची नळी एवढी जाड असूच शकत नाही. इंधनाची जादा टाकी याच्या दुपटीहून जाड असते, तिला तोंडही नसतं, आणि ती बहुतेक पोटाखाली लागते. २१ सेंटिमीटरचं रॉकेट सोडणारी नळी मात्र मापात चपखल बसते. १९४३ मध्ये जर्मनांनी अमेरिकन बाँबरचे थवे लांबूनच फोडण्यासाठी या नळ्या १०९ आणि १९० दोन्हींच्या पंखांखाली बांधल्या.

एक काळजी घ्या. चाक आणि वस्तू कॅमेऱ्यापासून साधारण सारख्या अंतरावर हवीत. जवळच्या पंखाचं माप लांबच्या चाकाने काढलं तर उंदराचा हत्ती होतो.

५. त्रास कुठला होता ते शोधा

हाच या लेखाचा गाभा, म्हणून इथे जरा थांबतो. जागा आणि महिना कळला की त्या तळावरच्या माणसांना काय छळत होतं याची यादी करा.

*धूळ.* स्पिटफायर मार्क ५ च्या नाकाखाली पेलिकनच्या पिशवीसारखी हनुवटी दिसली तर तो व्होक्स फिल्टर. इंजिनात वाळू जाऊ नये म्हणून लावलेला, पण त्याने वेग खाल्ला. पुढे इजिप्तमध्ये अबूकीरच्या दुरुस्ती तळावर त्याहून आटोपशीर फिल्टर बनवला गेला. भारत-ब्रह्मदेशात आलेल्या मार्क ८ ला कारखान्यातूनच सडपातळ फिल्टर बसवलेला असे, त्यामुळे तिथल्या फोटोंत हनुवटी शोधू नका. आपल्या छत्रीच्या खोबणी असलेल्या १०९ वर त्याच डाव्या अंगाला हवेच्या तोंडाशी लांबट नळकांडी फिल्टरही असायचा. दोन्ही एकत्र दिसले तर उष्ण प्रदेशासाठीचं विमान, यात शंका नको. फिल्टर नसेल तर मात्र तेवढ्यावरून उलटा निष्कर्ष काढू नका, तो काढता येत असे.

*रात्र.* ब्रिटिश हरिकेन विमानाच्या नाकावर एक्झॉस्टच्या (इंजिनाचा धूर सोडणाऱ्या नळ्यांच्या) मागे, वैमानिकाच्या पुढे, उभी पट्टी दिसते. दिवसाच्या विमानावर नसते. रात्री एक्झॉस्टमधून ज्वाळा निघतात आणि डोळे दिपतात, म्हणून घोड्याला झापड लावावी तशी ही आड.

*आपला कोण, परका कोण.* १९४० च्या उत्तरार्धापासून स्पिटफायर आणि हरिकेनच्या आडव्या शेपटीच्या दोन्ही टोकांपासून धडापर्यंत केसासारखी बारीक तार जाते. फोटोत ती ओरखडा वाटते. जमिनीवरच्या रडारला "मी आपलाच" असं उत्तर देणाऱ्या यंत्राची ती अँटेना. पुढच्या मॉडेलमध्ये तारा गेल्या आणि उजव्या पंखाखाली दांडी आली. वर 'हातभर लांबीची दांडी' म्हटलं ती हीच.

*समुद्र.* १९४२ मध्ये माल्टा बेटावर स्पिटफायर पोचवायला विमानवाहू जहाजांवरून उडवावी लागली. स्पिटफायरचे फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) एक तर पूर्ण बंद किंवा पूर्ण खाली, अधलंमधलं काही नाही. आखूड डेकवरून उडायला मात्र थोडेच खाली हवेत. उपाय काय? फ्लॅप आणि पंख यांच्यामध्ये लाकडी पाचर! उडाल्यावर वैमानिक फ्लॅप पूर्ण खाली सोडायचा, पाचर समुद्रात पडायची, मग फ्लॅप बंद. दाराला पाचर लावणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल, पण फोटोत तो लाकडाचा तुकडा बघून भले भले चक्रावतात.

*लांबचा पल्ला.* १९४५ मध्ये पॅसिफिकमधल्या इवो जिमा बेटावरून जपानवर जाणाऱ्या अमेरिकन पी-५१ मस्टँगच्या पाठीवर दोन उभ्या काठ्या दिसतात. सात-आठ तास समुद्रावरून उडून एवढंसं बेट पुन्हा शोधायचं म्हणजे जिवाशी खेळ. या अँटेनांमुळे वैमानिकाला कानात मोर्सचं 'यू' किंवा 'डी' ऐकू यायचं आणि कुठल्या बाजूला वळायचं ते कळायचं. त्यावरून नाव पडलं 'अंकल डॉग'.

*पोलाद.* ब्रह्मदेशातल्या हरिकेनच्या दोन्ही पंखांखाली लांब नळी दिसली तर ती बहुधा रणगाड्यांचं पोलाद फोडायची ४० मिलिमीटरची तोफ. ब्रिटिश हवाई दलाच्या २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती तिथे वापरली. भारतीय हवाई दलाचं १ क्रमांकाचं स्क्वाड्रनही १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या हाताखाली इंफाळला हरिकेनच उडवत होतं, पण त्यांचं मुख्य काम टेहळणीचं. म्हणून त्यांच्या फोटोत तोफेपेक्षा कॅमेऱ्याची काच शोधा.

६. काट्या-कुट्या दिसल्या तर थोडं गणित

वायरलेस आणि रडारच्या अँटेनांबाबत अंदाजपंचे बोलू नका, इथे मापच बोलतं. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. अँटेना साधारण तिच्या निम्मी किंवा पाव असते. जर्मन रात्रविमानांवरचं जुनं लिष्टेनश्टाइन रडार ४९० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंग ६१ सेंटिमीटरचा. त्यामुळे नाकावर छोट्या काड्यांचं जाळं. नंतरचं एसएन-२ हे ९० च्या आसपास, म्हणजे तरंग सव्वातीन मीटरच्या वर. त्यामुळे नाकावर सांबराची शिंगं. आकारावरूनच कुठलं यंत्र ते ठरतं.

अशी ओळख किती मोलाची असते ते सांगतो. १३ जुलै १९४४ च्या पहाटे एक जर्मन युंकर्स ८८ रात्रविमान वाट चुकून इंग्लंडमधल्या वूडब्रिज तळावर उतरलं. नाकावर शिंगं होतीच, शिवाय पंखांवर वेगळ्याच काड्या होत्या. ते निघालं फ्लेन्सबुर्ग नावाचं यंत्र. ब्रिटिश बाँबरच्या शेपटीत 'मागून कोणी येतंय' असं सांगणारं मोनिका नावाचं रडार असायचं. फ्लेन्सबुर्ग त्याच्याच लहरींचा माग काढत शिकाऱ्याला बाँबरपर्यंत आणायचं. रक्षणासाठी लावलेली घंटाच चोराला घर दाखवत होती! ब्रिटिशांनी त्याच विमानाने चाचण्या घेतल्या आणि बाँबरवरून मोनिका काढून टाकली.

७. वस्तू विमानाची आहे का?

१९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या सैनिकांसाठी स्पिटफायर मार्क ९ च्या पंखांखाली, बाँबच्या जागी, बिअरची पिंपं नेली गेली. फोटो खरे आहेत. "गुप्त अस्त्र" समजून डोकेफोड करण्याआधी लाकडी फळ्या आणि पट्ट्या दिसतात का बघा. याखेरीज पिटो नळीवरचं कापडी टोपण, सुरू करताना जोडलेली बॅटरीची गाडी, चाकांपुढच्या ठोकळ्या हे सगळं जमिनीवरचं. जपानी लष्कराच्या आणि सोव्हिएत विमानांच्या प्रोपेलरच्या टोकाला खाचांचा दट्ट्या दिसतो तो मात्र विमानाचाच. ट्रकवरचा दांडा त्यात अडकवून इंजिन फिरवायचे. मेसरश्मिट १६३ च्या नाकावरचा खेळण्यातला पंखाही खरा आहे. तो विमान ओढत नाही, वाऱ्याने फिरून वीज तयार करतो. आणि मेसरश्मिट २६२ या जेट विमानाच्या इंजिनाच्या तोंडातली कडी? आतलं छोटं टू-स्ट्रोक इंजिन सुरू करायला ओढायची दोरी, थेट आपल्या शेतातल्या पंपासारखी.

८. इथे पाय घसरतात

*संग्रहालयातलं विमान हा पुरावा नव्हे.* एका ठिकाणी ठेवलेल्या स्पिटफायरच्या पोटाखाली मी एक सुबक माशाच्या पराएवढी पट्टी पाहिली, फोटो काढले, आणि १९४० च्या मॉडेलवर हौसेने लावली. ती आजच्या वायरलेसची अँटेना होती. आजही उडणाऱ्या जुन्या विमानांना आजचे नियम पाळावे लागतात. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर जवळून बघायला मिळतात, जरूर बघा. पण तिथे दिसलेली वस्तू जुन्या फोटोतही सापडली तरच वहीत लिहा.

*रंगावर विसंबू नका.* त्या काळातल्या काही फिल्मवर लाल आणि पिवळा काळपट येतो, निळा फिका. भारत-ब्रह्मदेशातल्या विमानांवरच्या गोल चिन्हातून लाल काढून टाकला होता, जपानी सूर्याशी गल्लत नको म्हणून. कृष्णधवल फोटोत हे ठरवताना घाई नको.

*सेन्सॉरचा हात.* युद्धकाळात छापायच्या फोटोंतून अँटेना पुसून टाकत. शिंगं असायला हवीत आणि नाक संशयास्पद गुळगुळीत दिसतंय, तर त्या जागी खरवडल्याच्या खुणा शोधा.

*एका फोटोवर शिक्कामोर्तब नको.* मी वहीत तीनच शेरे लिहितो: नक्की, बहुधा, अंदाज. 'नक्की' म्हणायला दुसरा फोटो आणि एक छापील कागद, दोन्ही लागतात. छत्रीच्या खोबणीही माझ्या वहीत बरेच दिवस 'बहुधा' होत्या. छत्री लावलेला फोटो बघितला तेव्हाच शेरा बदलला.

९. जाणकाराला विचारताना

विमान आणि मार्क, जागा आणि महिना, वस्तूचं वर्णन, काढलेलं माप, आणि तुम्ही काय काय नाकारलं व का, एवढं एका परिच्छेदात लिहा. "हे काय आहे?" एवढ्यावर उत्तर येत नाही, आलं तर तीन येतात. घरचा फोटो असेल तर आजोबा किंवा पणजोबा नेमके कुठे होते तेही लिहा, कराचीला विमानं जोडणाऱ्यांत की पुण्याच्या लोहगाव तळावर. गोदीत काम केलेल्यांच्या घरचे फोटोही यात येतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झालेल्या फोर्ट स्टिकिन जहाजावर दारूगोळा, कापूस, सोनं यांच्यासोबत स्पिटफायर विमानंही होती. तेव्हा गोदीच्या फोटोत विमानाचा एखादा भाग दिसला तर उगाच दचकू नका.

फोटो कापून फक्त वस्तूचा तुकडा पाठवू नका. अख्खा फोटो पाठवा, मूळ आकारात, आणि त्यासोबत वेगळा तुकडा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर केसासारखी तार वाटेतच गायब होते.